धानाच्या हंड्यात उकडलेली कवळी

आधी काय हसायचं ते हसून घ्या, मित्रांनो. झालं? आता नीट बसा आणि ऐका. मी कवळी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात बसवतात ना, ती दातांची कवळी. वय झालंय माझं. हिरड्यांचा गुलाबी रंग उतरलाय, मागच्या एका दाढेचा टवका उडालाय. पण माझ्यासारखं आयुष्य तुमच्या घरातल्या सोन्याच्या बांगडीलाही मिळालं नसेल. बांगडी नुसती हातात वाजते. मी गायलेय, भांडलेय, तलावातल्या माशांचे काटे निवडलेत, आणि भरल्या पंगतीत एकदा असा गोंधळ घातलाय की त्याची गोष्ट दोन गावं अजून सांगतात. तीच मी सांगणार आहे. घाई करू नका.

माझा जन्म गोंदियाच्या बाजारातल्या एका दवाखान्यात झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं होत आली होती. डॉक्टर सिंधी होता, फाळणीत घरदार सोडून आलेला. हिंदीत बोलायचा आणि मान खाली घालून काम करायचा. त्याच्या खुर्चीत एक दिवस तिरोड्याहून रेल्वेने आलेली एक म्हातारी येऊन बसली. तीच माझी धुरपताबाई. बोदलकशाच्या तलावाखाली जिच्या घरची धानाची शेती, आणि जिच्या आवाजाने घरातली माणसं, गोठ्यातली जनावरं आणि शेजारची कोंबडी सगळी एकदम उभी राहायची, अशी बाई. सोबत तिचा मुलगा भोजराज होता.

डॉक्टरने गरम पाण्यात मऊ केलेला लगदा तिच्या हिरड्यांवर दाबला. तोंडाचा ठसा घ्यायचा होता. धुरपताबाईला वाटलं, हा आपला जीव घेतो. ती त्याच्या बोटाला चावली. तोंडात एक दात नाही, तरी चावली.

"माय, सोड. डॉक्टरसायबाचं बोट आहे ते," भोजराज म्हणाला.

लगदा बाहेर निघाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मग त्यायले सांग, आपलं बोट आपल्या तोंडात ठेवा म्हणा."

तर त्या ठशावरून माझा साचा झाला. मेणावर एकेक दात ओळीने बसवला. मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी लगदा भरला, लोखंडी डबीत मला घट्ट आवळलं आणि पाण्यात उकळलं. मित्रांनो, माझ्या जातीला आयुष्यात उकळतं पाणी एकदाच सोसतं, तेही जन्माला येताना, लोखंडाने चारी बाजूंनी धरून ठेवलेलं असताना. त्यानंतर सारा जन्म थंड पाण्यात काढायचा. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

बाहेर आले तेव्हा काय सांगू. घासून पुसून मला अशी चकाकी आणली होती की डॉक्टरने उजेडाकडे धरल्यावर मीच माझ्यावर खूश झाले. वरचा भाग एक, खालचा एक, आणि दोन्ही मिळून मी. मला तोंडात बसवलं. धुरपताबाईने जीभ फिरवली, गाल हलवले आणि आरशात पाहिलं. नंतर भोजराजकडे वळून तिने एकच शब्द मुद्दाम सावकाश म्हटला, "सासुरवाशीण."

शब्दातला एकही 'स' गळला नाही. भोजराजच्या डोळ्यांत पाणी आलं.

एका शब्दासाठी रडायचं काय कारण, असं तुम्हाला वाटेल. ते कारण सांगते. आमच्या भागात लग्नाच्या मांडवात विहिणी जेवायला बसल्या की दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात. त्याला गारी म्हणतात. गारीचा राग धरायचा नसतो. पण उत्तर सुचलं नाही तर ती बाजू हरली, आणि मग नवरीला सासरी ऐकून घ्यावं लागतं की तुझ्या माहेरच्या बायका मुक्या. धुरपताबाई गारी म्हणण्यात तरुणपणापासून पटाईत. तिला नेण्यासाठी लोक बैलगाडी पाठवायचे. पुढे दात गेले. एका लग्नात तिने गारी उचलली तर 'स' आणि 'त' वाऱ्यावर उडून गेले. बायका हसल्या. गारीला हसणं वेगळं आणि गारी म्हणणारीला हसणं वेगळं. तिला फरक कळला. ती घरी आली आणि त्यानंतर कुठल्याही मांडवात गेली नाही. शेवटी एक दिवस भोजराजला म्हणाली, "मले गोंद्याले ने. तोंड करून आण."

निघताना डॉक्टरने सांगितलं होतं, "माताजी, रात को निकालकर ठंडे पानी में रखना. गरम पानी नहीं. राख नहीं. नरम ब्रश से साफ करना. ढीली लगे तो मेरे पास लाना."

भोजराज मान हलवत होता, पण त्याचं सगळं लक्ष गाडीच्या वेळेकडे. आणि धुरपताबाई दवाखान्याची पायरी उतरता उतरता काय म्हणाली ते मी तिच्या तोंडातूनच ऐकलं. "चार लेकरं वाढवली म्या. हा मले दात धुवाले शिकवून राहिला."

घरी पोचलो तर अंगणात गाव जमलं होतं. सून सुलोचनाने ओवाळलं. सगळ्या बायकांना मला जवळून बघायचं होतं. धुरपताबाईने कुणालाच हात लावू दिला नाही. नुसतं हसून दाखवलं, उजवीकडे, डावीकडे, मग मध्ये. त्या दिवशी मी भाजलेले चणे खाल्ले, लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले, आणि बोदलकशाचा मासा असा खाल्ला की काटा वेगळा, मांस वेगळं.

आणि लग्नं! चार उन्हाळे आम्ही एकही मांडव सोडला नाही. तिरोड्यात गायलो, नदीकाठच्या गावांत गायलो. धुरपताबाईची जीभ माझी शेजारीण. तिच्याएवढी धारदार जीभ त्या मुलखात दुसरी नव्हती, पण धार लावायला दगड लागतो, आणि तो दगड मी होते. जीभ माझ्यावर आपटायची आणि शब्द ठिणगीसारखा उडायचा. बायका पदर तोंडाला लावून वाकून वाकून हसायच्या. कुणी म्हणायचं, "बुढीचा आवाज जसाचा तसा आहे, बाप्पा." आवाज तिचा होता हे खरं. पण त्यातलं खणखणीतपण माझं, हे कुणी बोलत नव्हतं. म्हणून आज मी बोलते आहे.

आता माझी निगा कशी होती तेही ऐका. धुरपताबाईच्या घरात जे जे चमकायचं ते राखेने आणि चिंचेनेच चमकायचं. तांब्याचा हंडा, पितळेची परात, समई, आणि त्याच ओळीत मी. ती विहिरीवर बसून मला चिंचेचा कोळ लावायची आणि राखेने खसाखसा घासायची. हंडा धातूचा आहे, मित्रांनो. मी नाही. राखेच्या कणांनी माझ्या अंगावर बारीक ओरखडे पडले. त्या ओरखड्यांत ती दातांना लावायची त्या गुडाखूचा, म्हणजे तंबाखूच्या मिश्रीचा, काळा रंग जाऊन बसला. डाग दिसला की ती आणखी जोराने घासायची. घासलं की आणखी ओरखडे. असं आमचं चाललं होतं.

आणि झोपताना ती मला काढायचीच नाही. सुलोचना तिला मामी म्हणायची. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. एकदा तिने विचारलं, "मामी, डॉक्टरनं काढून ठेवाले सांगितलं होतं म्हणते. तुम्ही काऊन काढत नाही?"

"अन् घराले आग लागली तर? बिनदाताची पळू का गावातून?"

हिरड्यांना दिवसरात्र वारा नाही, विसावा नाही. त्या लाल झाल्या, सुजल्या. तोंड आलं. तिखट खाता येईना. तेव्हा धुरपताबाईने मला शिव्या दिल्या, तेही मला तोंडात ठेवूनच. आणि तीन दिवस मला कोनाड्यात फेकून ठेवलं. कोरडी. वैशाखाचं ऊन, पाण्याचा थेंब नाही, जेवणाचे कण अंगाला चिकटलेले आणि त्यावर मुंग्यांची रांग. पाण्याबाहेर पडले की माझ्या जातीचं अंग सुकतं, आक्रसतं. मासा तडफडतो तेव्हा निदान दिसतो तरी. मी मुकाट्याने पडून होते.

अशात रुख्माचं लग्न ठरलं.

रुख्मा म्हणजे भोजराजची मुलगी, धुरपताबाईची नात. आजीच्या मांडीवर वाढलेली. मुलगा ताराचंद, गोंदियाजवळच्या फुलचूरचा. घर चांगलं होतं, शेती चांगली होती. एकच अडचण होती आणि तिचं नाव सुशीलाबाई. ही ताराचंदची आजी. गोंदियाच्या बाजूला गारी म्हणावी तर सुशीलाबाईनेच, असं सगळे सांगायचे. शिवाय तिला आपल्या दातांचा गर्व भारी. पाहुण्यांसमोर मुद्दाम मोठं हसायची आणि सांगायची, "धुरपताबाईपेक्षा दोन वर्षांनी मोठी असन मी, पण माझे बत्तीसच्या बत्तीस आहेत. देवानं दिलेले."

हे बोलणं आमच्या कानावर आलं आणि धुरपताबाईने त्या दिवशी जेवण अर्धंच केलं.

"देवानं दिलेले म्हणते," ती सुलोचनाला म्हणाली. "आपण हरलो तर रुख्मेले जलमभर ऐकावं लागन. तुझी आजी विकतचे दात लावून बसते अन् गारी येत नाही, असं. माझं काय व, मी आज आहे उद्या नाही. पण पोरगी त्या घरात नांदाले चालली."

"आजी, तू नको गाऊ. मले काही नाही वाटणार," रुख्मा म्हणाली.

"तू चूप राह्य. नवरीनं बोलाचं नसते."

मग काय विचारता. धुरपताबाई गारी जुळवायला लागली. धान निवडताना ओळ, गाईला चारा घालताना ओळ, वाटेत कुणी भेटलं तर त्याच्यावरच करून बघायची. मीही तयारीला लागले. फुलचूरचा 'फ' कसा उडवायचा, कोठ्यातला 'ठ' कसा ठणकवायचा, आम्ही दोघी घोकत होतो. माझ्या अंगात नुसता उत्साह भरला होता. एवढा मोठा सामना मला यापूर्वी मिळाला नव्हता.

आणि लग्नाला चार-पाच दिवस उरले असताना विहिरीवर मी तिच्या हातातून निसटले. चिंचेच्या कोळाने बोटं बुळबुळीत झाली होती. खाली ना पाणी भरलेलं भांडं, ना घडी घातलेलं फडकं. थेट दगडावर पडले. दाढेचा टवका उडाला आणि वरच्या भागात केसासारखी बारीक चीर गेली.

"गोंद्याले नेऊन आणतो," भोजराज म्हणाला. पण मांडवाचे खांब रोवायचे, जांभळीच्या डहाळ्या आणायच्या, पळसाच्या पत्रावळी लावून घ्यायच्या, बैलगाड्या सांगायच्या. त्याला घराबाहेर पडायला सवड मिळेना.

आता सुलोचनाचं ऐका. ती मनाने निर्मळ बाई. मागच्या अंगणात लग्नाचं धान उकडत होतं. तुम्हाला ठाऊक असेल, धान भिजवून उकडलं आणि मग वाळवून कांडलं की तांदळाचा दाणा तुटत नाही. कच्च्या धानाची कणी होते, उकडलेलं धान दगडासारखं पक्कं निघतं. सुलोचना चुलीसमोर बसून हंड्यातली वाफ बघत होती आणि तिच्या डोक्यात विचार आला. दाणा उकडून पक्का होतो, तर कवळी का नाही होणार? चीर पसरायच्या आत तिला पक्की करून टाकू. मामी खूश होतील.

तिने मला स्वच्छ फडक्यात बांधलं. हात जोडले. आणि धानाच्या हंड्यात सोडलं.

मित्रांनो, मी ओरडले असते, पण बोलायला मला धुरपताबाईचं तोंड लागतं. चहूकडून उकळतं पाणी, वर धानाचा भार. जन्माच्या वेळी लोखंडाने मला धरलं होतं. इथे धरायला कुणी नव्हतं. माझं अंग मऊ झालं, वळलं, वाकलं. फडकं सोडून सुलोचनाने मला बाहेर काढलं तेव्हा मी दिसायला तशीच होते, उलट डाग थोडे निघाले होते. ती आनंदाने धावत गेली. "मामी, पाहा, पक्की केली."

धुरपताबाईने मला तोंडात घातलं. मी डुगडुगले. एका बाजूने बसले की दुसरीकडून उठायचे. टाळूला आणि माझ्यामध्ये एवढी फट की वारा जावा.

सुलोचनाला कळलं आणि तिने रडायला सुरुवात केली.

"रडू नको," धुरपताबाई म्हणाली. "रडून का ते सरळ होते? पाहुणे येऊन राहिले, चुलीकडे जा." मग थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "तुवा चांगल्यासाठीच केलं. मले समजते."

एवढं मऊ बोलणं मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आणि शेवटचंही, असं तेव्हा वाटलं होतं.

पण हार मानणारी ती बाई नव्हे. तिने उडदाचं पीठ भिजवलं. भिंतीच्या चुन्यात उडीद घालतात, भिंती शंभर वर्षं धरून राहतात, मग एक कवळी तासभर राहणार नाही? लग्नाच्या दिवशी जाडसर लेप देऊन तिने मला टाळूला चिकटवलं. मी बसले. घट्ट बसले. वास येत होता पापडाचा, पण बसले.

वरात आली. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, आणि दुपार कलल्यावर विहिणींची पंगत बसली. मधोमध पाटावर सुशीलाबाई. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, आणि हसणं असं की मांडवाच्या टोकापर्यंत दात दिसावेत. समोर पत्रावळीवर भाताचा ढीग, वरण, वडे, कढी. आमच्या बायका पदर खोचून उभ्या. सगळ्यांत पुढे धुरपताबाई आणि तिच्या तोंडात मी, धडधडत.

धुरपताबाईने उचललं:

"फुलचूरच्या इहीनबाई, लुगड्याचा काठ मोठा,
पाटावर बसल्या अशा, जसा भरला धानाचा कोठा."

मांडव खदखदला. 'फ' उडाला, 'ठ' ठणकला. सुशीलाबाईने घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि बसल्या जागेवरून उत्तर दिलं:

"बोदलकशाचं सारं पाणी वरणात तुमच्या ओतलं,
डाळीचा दाणा शोधता शोधता बोट माझं झिजलं."

काय बाई होती. फुलचूरकडच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. वाढणारी माणसं वरणाची बादली घेऊन तिथेच थबकली. पण मला तिच्या गाण्यात आणखी एक आवाज आला. शब्दाच्या मागे बारीकशी टकटक. दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती. मला आली. मी मनात म्हटलं, हा तर माझ्या जातीचा आवाज. पण विचार करायला वेळ कुठे होता? धुरपताबाईने पुढची गारी उचलली होती:

"फुलचूरच्या इहीनबाईले भूक लागली भारी,
भातासंगं पत्रा..."

आणि उडदाचा लेप सुटला. लाळेने तो केव्हाचा भिजून सैल झाला होता. 'पत्रा' म्हणताना ओठ उघडले, आणि माझा वरचा भाग बाहेर उडाला, जमिनीवर आपटला, उडी मारून पुढे गेला आणि थांबला तो सुशीलाबाईच्या पत्रावळीत. भाताच्या ढिगाला टेकून. उडदाचं पीठ लागलेला, दात वर करून.

मांडवात एकदम सगळं बंद झालं. हसू नाही, वाजंत्री नाही. भरल्या पानात उष्टं पडलं होतं, तेही विहिणीच्या. अशा वेळी विहीण पानावरून उठते. आणि विहीण उठली की वऱ्हाड उठतं. रागाने जोडलेलं नातं मग आयुष्यभर तसंच राहतं. सगळ्यांना हे माहीत होतं. सुलोचना खांबाआड गेली. धुरपताबाईने पदर तोंडावर धरला होता. मी भातात पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होते. तिला तिच्या लाजेची पर्वा नव्हती. ती रुख्माकडे बघत होती.

सुशीलाबाईने हात पुढे केला. मला उचललं. बोटांत फिरवून नीट पाहिलं, वाकलेली कड पाहिली, चीर पाहिली, ओरखडे पाहिले. मग तिच्या पितळी लोट्यातल्या पाण्यात मला सोडलं.

"थंड पाणी आहे," ती म्हणाली. कुणाला ते मला कळलं नाही.

मग तिने स्वतःच्या तोंडात बोटं घातली. आधी वरचे, मग खालचे. बत्तीसच्या बत्तीस. सगळ्या मांडवासमोर, आपल्या नातवासमोर, सुनांसमोर काढले आणि माझ्या शेजारी त्याच लोट्यात टाकले. तिचे गाल आत गेले. एका क्षणात ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. तिच्या घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. ताराचंद तोंड उघडं टाकून बघत होता.

आणि बोळक्या तोंडाने, अर्ध्या अक्षरांना वाट सोडून देत, सुशीलाबाईने धुरपताबाईची अडलेली ओळ पुरी केली. स्वतःवरचीच:

"...पत्रावळही खाऊन गेली सारी."

मांडव असा फुटला की डहाळ्यांची पानं गळाली. धुरपताबाईने पदर बाजूला केला. खालचे दात तिने स्वतःच काढले आणि हातात धरले. मग दोघी बोळक्या म्हाताऱ्या समोरासमोर, एकीचा शब्द दुसरीला कळत नाही, तरी उत्तराला उत्तर. कोण जिंकलं म्हणता? कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. लोक डोळे पुसत होते. मी लोट्यातून ऐकत होते. शेजारी त्या फुलचूरच्या कवळीने मला हळूच टकटक केलं. त्याच सिंधी डॉक्टरच्या हातची निघाली ती. पण तिची कांती बघाल तर कालच घडवल्यासारखी. माझ्या आधी जन्मलेली, आणि माझी मुलगी शोभली असती.

पंगत आटोपल्यावर सुशीलाबाई आमच्या ओसरीवर येऊन बसली. दात पुन्हा तोंडात होते.

"इहीनबाई, ही कायनं घासली?" तिने विचारलं.

"राखेनं."

"अन् वाकली कशानं?"

धुरपताबाईने सुनेकडे पाहिलं नाही. "उन्हानं," ती म्हणाली.

सुशीलाबाईने खांबाआड उभ्या सुलोचनाकडे पाहिलं, धानाच्या हंड्याकडे पाहिलं. मग रुख्माला जवळ बसवलं. "ऐक पोरी. तुझ्या आजीले कोणी सांगाले गेलं तर ती चावते, म्हणून तुले सांगतो. जेवण झालं की कवळी पाण्यानं खळखळून धुवाची. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवाचं, पडली तरी फुटत नाही. नरम ब्रश अन् साधं साबण, बस. राख नाही, चिंच नाही. झोपताना काढून गार पाण्याच्या वाटीत. बोटानं हिरड्या चोळाच्या. अन् ढिली झाली तर पीठ नाही लावाचं, डॉक्टरकडे न्याचं."

"तुम्ही हे सारं लपून लपून करत होता?" ताराचंद मध्येच बोलला.

"मग तुले सांगू का, माझ्या दाताची मिरवणूक काढ म्हणून?"

पुढच्या आठवड्यात भोजराजने आम्हा दोघींना गोंदियाला नेलं. डॉक्टरने मला पाहिलं, डोक्याला हात लावला आणि मग हसला. माझे दात तेच ठेवून त्याने मला नवं अंग दिलं. या वेळी त्याचं सांगणं धुरपताबाईने पूर्ण ऐकलं, मध्ये एकदाही न बोलता. तेव्हापासून माझी वाटी सुलोचना भरते. विहिरीचं गार पाणी, वरून झाकण. काळजीने, जशी देवासमोर पाणी ठेवते तशी.

आणि रुख्मा? ती दिवाळीला माहेरी आली. धुरपताबाईने तिला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं. विचारायला घाबरत होती, मला तिच्या जबड्यात कळत होतं.

"कोणी काही बोलते का व तुले? माझ्या दातावरून?"

"एक दिवस विहिरीवर एक बाई बोलली. हीच का ते जिच्या आजीची बत्तीशी पानात पडली म्हणून."

"मग?"

"मग आजीसासू ओसरीवरून बोलली. हो, हीच. अन् जिनं आपली काढून लोट्यात टाकली ते मी. तुले अजून पाहाचं राहिलं असन तर ये, काढून दाखवतो. त्या बाईनं घागर उचलली अन् गेली. तेव्हापासून कोणी नाही बोलत."

धुरपताबाईने तोंड उघडलं. मला बाहेरचा वारा लागला, थंडगार, बराच वेळ. इतकी मोकळी हसत होती ती.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात असेल, वाटीत किंवा कुणाच्या तोंडात. तिला उकळत्या पाण्यापासून आणि राखेपासून दूर ठेवा. रात्री तिचं पाणी भरायचं काम तुम्ही स्वतःकडे घ्या, मोठ्यांना वाकायला लावू नका. ज्यांची ती आहे त्यांना लाज वाटत असेल, तर ती वाढेल असं काही बोलू नका. आणि कधी चारचौघांत ती पडलीच, तर उचला, गार पाण्यात धुवा, हातात द्या, आणि ज्या शब्दावर ते अडले असतील तिथून पुढचं तुम्ही म्हणायला लागा.